कान कोरडा झाला, मग दाजी अजून गप्प का?

पत्र: "ताई नमस्कार, आम्ही शिरपूर तालुक्यातले. माझ्या मिस्टरांचं वय ४१, कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कामाला आहेत. त्यांचा डावा कान लहानपणापासून वाहायचा, वास यायचा. मागच्या दिवाळीनंतर धुळ्याला मास्टॉइडचं (कानामागच्या हाडाचं) ऑपरेशन केलं, आता आठ महिने होत आले. कान वाहायचा बंद झाला पण ऐकू काही जास्त येत नाही, उलट म्हणतात आधी येत होतं तेवढंही येत नाही. अंघोळीला कानात पाणी गेलं की गरगरतं. जिभेची डावी बाजू बधिर, शेवभाजीलाही चव लागत नाही. डॉक्टरकडे आता जात नाहीत, कोरडा झाला ना म्हणे. लग्नाला येत नाहीत, आले तर मंडपाबाहेर गाडीवर बसून राहतात. घरात कोणाला दोनदा बोलावं लागलं की भांडण. सासूबाई म्हणतात पैसा पानीमा गयात. आता श्रावणात आमच्याकडे कानबाई देवीचा उत्सव आहे, सगळे भाऊबंद येतील, हे म्हणतात मी मळ्यात जाऊन बसेल. ऑपरेशन फेल गेलं का? परत करावं लागेल का? आणि हो, आमच्या सहा वर्षांच्या मुलाचा पण कान सर्दीनंतर वाहतोय, सासूबाई लसणाचं तेल टाकताय."

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात घाईची ओळ तुम्ही शेवटी टाकली, मी तिथूनच सुरू करते. पोराच्या कानात तेल टाकणं आजच बंद करा. लसणाचं नको, साधं कोमट खोबरेल नको, कांद्याचा रस नको, कोणी गोमूत्र सांगेल तर तेही नको. कान वाहतोय म्हणजे बहुतेक वेळा पडद्याला भोक पडलेलं असतं आणि वरून टाकलेलं सगळं त्या भोकातून सरळ मधल्या कानात उतरतं, म्हणजे आधीच पिकलेल्या जागेत अजून ओल आणि घाण. सर्दीनंतर लहान पोरांचा कान फुटणं तसं खूप कॉमन आहे, नाकाच्या मागून कानात जाणारी नळी पोरांमध्ये आखूड आणि आडवी असते म्हणून नाकातला जंतू पटकन वर चढतो, आणि वेळेवर औषध मिळालं तर पडदा बरेचदा आपोआप भरूनही येतो. पण दोन आठवडे होऊन गेले आणि कान अजून वाहतोच आहे तर मग तो दाजींच्याच रस्त्याला लागला असं समजायचं आणि थांबायचं नाही.

डॉक्टरकडे जाईपर्यंत घरी एवढंच करा, स्वच्छ सुती कापडाची नाहीतर टिश्यूची वात करून कानाच्या तोंडाशी ठेवायची, ओली झाली की काढून दुसरी, दिवसातून तीन-चार वेळा, आत खोल खुपसायची नाही आणि कापसाचा बोळा ठोसून तर अजिबात ठेवायचा नाही. मेडिकलवाल्याकडून मनाने थेंब आणू नका, पडद्याला भोक असताना काही अँटिबायोटिक थेंब (जेंटामायसिन, निओमायसिन असले) आतल्या कानाच्या नसेला इजा करू शकतात, म्हणून कोणते थेंब ते कान बघूनच ठरवू द्या. शाळेत आरबीएसकेची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्यची, त्यांच्या तपासणीत कान वाहणं येतं आणि पुढे जिल्ह्याला पाठवायची सोय पण असते. पण तिची वाट बघत बसू नका, ती कधी येईल कोणाला माहीत. ह्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरला दाखवा आणि आता वर्गात पोरगा मागच्या बाकावर बसत असेल तर बाईंना सांगून पुढे बसवा.

आता दाजींचं.

मी ऑपरेशन करत नाही, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन झाल्यावर "ऐकू का येत नाही" विचारत जे लोक येतात ते माझ्यासमोर बसतात. त्यातले कितीतरी तुमचाच प्रश्न विचारतात, फेल गेलं का? पत्रावरून मला तरी तसं वाटत नाही. जो कान लहानपणापासून वाहत होता तो आठ महिने कोरडा आहे, ह्या ऑपरेशनचं पहिलं काम तेच होतं. बाकीचं आतून बघूनच कळेल, त्यावर पुढे येते.

कानाचा जुना आजार दोन तऱ्हेचा असतो. एकात नुसतं पडद्याला भोक, सर्दी झाली की किंवा पाणी गेलं की वाहतो, मग थांबतो, परत वाहतो. ह्याला पडदा बसवला की बहुतेक काम होतं, ऐकूही सुधारतं. दुसऱ्या तऱ्हेत पडद्याची कातडी आत ओढली जाते आणि मधल्या कानात, जिथे कातडीचं काही काम नाही तिथे ती वाढत राहते, तिचे पापुद्रे साचतात, सडतात, वास मारतात आणि आजूबाजूचं हाड खातात. डॉक्टर त्याला कोलेस्टेटोमा म्हणतात, आपल्याकडे सांगताना "हाड सडलंय" सांगतात. कपाशीचं बोंड बाहेरून हिरवंगार आणि आत बोंडअळीने पोखरलेलं असतं ना, तसंच. दुखत पण नाही फारसं, म्हणून लोक वीस-तीस वर्षं कापसाचा बोळा घालून काढतात. पण त्या हाडाच्या एका बाजूला चेहऱ्याची नस असते, वरच्या बाजूला मेंदू, मागे मोठी रक्तवाहिनी, आणि आतल्या बाजूला तोल सांभाळणाऱ्या नळ्या. आजार तिकडे सरकला तर तोंड वाकडं होऊ शकतं, मेंदूत पू होऊ शकतो, माणूस जाऊ पण शकतो. लहानपणापासून वाहणारा आणि वास मारणारा कान आणि त्यात मास्टॉइडचं ऑपरेशन, म्हणजे दाजींचा बहुतेक दुसऱ्या तऱ्हेचाच असणार. डिस्चार्ज कार्ड काढून बघा, त्यावर "मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टॉइडेक्टॉमी" किंवा "कॅनल वॉल डाऊन" असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ, कानाच्या नळीची मागची हाडाची भिंत काढून आतलं सगळं एकच मोकळं केलंय, म्हणजे आजाराला लपायला जागा राहू नये आणि डॉक्टरला पुढेही बाहेरून आतलं दिसावं.

ह्या ऑपरेशनची क्रमवारी ठरलेली असते. आधी जीव सुरक्षित, मग कान कोरडा, मग जमलं तर ऐकणं. डॉक्टर हे सांगतात, नाही असं नाही, पण सांगतात कधी तर आदल्या दिवशी सहीचा कागद पुढे करताना, तेव्हा घरच्यांच्या डोक्यात रक्ताचा रिपोर्ट, डबा कोण आणेल, योजनेचं मंजूर झालं का हे चालू असतं आणि ते वाक्य कोणाच्याच कानात जात नाही. मग आठ महिन्यांनी सासूबाई म्हणतात पैसा पाण्यात गेला. सासूबाईंना एकच सांगा, आई, हे ऑपरेशन ऐकू येण्यासाठी नव्हतंच, तुमचं पोरगं धडधाकट राहावं म्हणून होतं, आणि ते राहिलंय.

"आधी येत होतं तेवढंही येत नाही" हे दाजी खरं बोलत असतील, त्यांना खोटं पाडू नका. मधल्या कानात तीन बारकी हाडं असतात, पडद्याचा हलका हादरा ती आतपर्यंत पोचवतात. हा आजार त्यातलं मधलं हाड सगळ्यात आधी खातो. कधी कधी असं होतं की हाड खाल्लं गेलेलं असतं पण तो कोलेस्टेटोमाच मधे अडकून आवाज पुढे ढकलत असतो, म्हणून माणसाला बऱ्यापैकी ऐकू येत असतं. ऑपरेशनमध्ये तो काढावाच लागतो, आणि काढला की पूल गेला. चूक कोणाचीच नाही, पण दाजींना ऑपरेशनच्या आधीच्यापेक्षा कमी ऐकू येतंय हे शंभर टक्के शक्य आहे, आणि ह्यावर पुढे करण्यासारखं पुष्कळ आहे.

त्याआधी चक्कर, कारण ती तुम्ही नुसती एका ओळीत लिहिली पण मला तीच जास्त खटकली. मागची भिंत काढल्यामुळे तोलाची आडवी नळी आता बाहेरच्या हवेच्या बरीच जवळ आली. थंड पाणी आत गेलं की त्या नळीतलं पाणी गार होऊन हलतं आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. गरम पाण्यानेही तसंच होतं. म्हणून अंघोळीला पाणी अंगाच्या उबेइतकं कोमट घ्यायचं, आणि डोक्यावरून घेताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोपडून कानाच्या तोंडाशी लावायचं, कोरडा कापूस पाणी शोषून आतच नेतो. अंघोळ झाली की बोळा काढून टाकायचा. आणि एक गोष्ट जी मी आपल्याकडच्या प्रत्येकाला सांगते, कूलर! उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की आपण सगळे कूलरच्या तोंडाशी झोपतो, त्या गार झोताने पण अशा कानाला गरगरतं आणि माणूस म्हणतो बीपी वाढलं, लो झालं, ऊन लागलं. खाट फिरवून घ्या, ऑपरेशनचा कान कूलरकडे नको.

विहिरीत, तापीत, बंधाऱ्यात पोहणं आता बंद म्हणजे बंद. शिरपूरकडे बंधारे भरपूर, पावसाळ्यात सगळं गाव उड्या मारतं, दाजींनाही सवय असेल. पण पाण्याखाली असताना कानात गार पाणी जाऊन गरगरलं तर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही, पट्टीचा पोहणारा बुडतो. कानबाईला निरोप द्यायला नदीवर गेले तर काठाला उभं राहायला काही हरकत नाही, डुबकी नको.

आणि हे नीट लक्षात ठेवा, पाणी-हवा काही न लागता चक्कर येत असेल, मोठ्या आवाजाने किंवा शिंकल्याने गरगरत असेल, कान परत वाहायला लागला, वास आला, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटलं, डोळा पूर्ण मिटेना, तापासोबत जोराचं डोकं दुखलं किंवा मान आखडली, कानामागे सूज आली, तर उद्या बघू असं करायचं नाही, रात्र असली तरी निघायचं. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे मेडिकल कॉलेज आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, कानाचा विभाग तिथे असतो.

जिभेचं सांगते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चवीची एक बारीक नस मधल्या कानातूनच जाते, जिभेच्या पुढच्या भागाची त्या बाजूची चव तिच्याकडे असते. आजार काढताना ती ओढली जाते, कधी कापावीही लागते. मग धातू चाटल्यासारखी चव, अर्धी जीभ मेल्यासारखी. बहुतेकांचं काही महिन्यांत, वर्षाच्या आत-बाहेर सुधरतं, आणि नस गेलीच असेल तरी दुसरी बाजू हळूहळू भरून काढते, माणसाला सवय होऊन जाते. तोवर चव लागत नाही म्हणून शेवभाजीत अजून मीठ अजून तिखट असं करू नका, चाळिशी ओलांडलीय, बीपीची पण काळजी घ्या. कानाची पाळी बधिर असेल तर तेही ह्याच जातीचं आहे, जाईल. कानात शिट्टी वाजत असेल (तुम्ही लिहिलं नाही पण विचारा, पुरुष सांगत नाहीत) तर शांत खोलीत ती जास्त वाजते, रात्री पंखा चालू ठेवला की बरं वाटतं.

आता माझं खरं भांडण, दाजींनी डॉक्टरकडे जाणं सोडलं ते. चांगल्या कानाची कातडी आतून बाहेर सरकत असते, मळ स्वतःच बाहेर टाकते. ऑपरेशनने जो मोठा खड्डा झाला त्याला हे नीट जमत नाही, मळ आणि पापुद्रे आतच साचतात, त्याच्यावर पाणी पडलं की फुगतं, मग जंतू, मग परत वाहणं. म्हणून असा कान सहा महिन्यांनी नाहीतर वर्षाने डॉक्टरने मायक्रोस्कोपखाली बघून साफ करायचा असतो, आणि हे एक-दोन वर्षांचं काम नाही, जन्मभराचं आहे. दहा मिनिटांचं काम असतं. दुसरं कारण जास्त मोठं, कोलेस्टेटोमाचा एक कण जरी राहिला तरी तो परत वाढतो, आणि कधी कधी बऱ्याच वर्षांनी. कोरडा दिसतोय, दुखत नाही, म्हणजे आत काही नाही असं नसतं. शंका आली तर डॉक्टर एमआरआय सांगतील, त्यात एक खास पद्धत असते जी हा आजार दाखवते, सांगितलं तर टाळू नका. आणि घरात कान साफ करणं पूर्ण बंद. इअरबड नाही, काडी नाही, गाडीची चावी नाही, कोंबडीचं पीस तर नाहीच. स्टँडवर कान साफ करणारे फिरतात त्यांना तर लांबूनच नमस्कार.

बरं. आता तुम्ही जे विचारलंच नाही पण सगळ्या पत्रात आहे ते बोलू या, माणूस असा का झाला.

कानाच्या आजारात जगणं किती सुधारलं हे मोजायला डॉक्टर लोकांनी प्रश्नावल्या केल्या आहेत. २००० साली अमेरिकेत क्रॉनिक इअर सर्व्हे नावाची आली, नंतर इंग्लंडकडून बारा प्रश्नांची एक आली. त्यात काय विचारतात बघा, कान किती वाहतो, वास येतो का, घरात ऐकू येतं का, गोंगाटात येतं का, चक्कर, शिट्टी, अंघोळ-पाणी जपावं लागतं का, कामाला अडतं का, डॉक्टरकडे किती वेळा जावं लागतं. म्हणजे ऐकणं हा त्यातला एक तुकडा आहे, सगळं नाही. तुम्ही घरीच वहीच्या पानावर हे लिहा आणि प्रत्येकापुढे दाजींना शून्य ते पाच आकडा टाकायला सांगा, शून्य म्हणजे त्रास नाही, पाच म्हणजे फार. एक आकडा दिवाळीच्या आधीचा, एक आत्ताचा. मी हे लोकांकडून करून घेते, कारण माणूस जो त्रास गेला तो विसरतो आणि जो राहिला तोच धरून बसतो. वहीवर दिसलं की वाहणं पाचवरून शून्यावर आलंय, वास शून्यावर आलाय आणि गोंगाटात ऐकणं तेवढं पाचवर आहे, तर भांडण कशाशी आहे ते तरी कळतं. ऑपरेशनवरचा राग सोडून मग माणूस ऐकायच्या मशीनबद्दल बोलायला तयार होतो. डॉक्टरकडे जाताना ते पान सोबत न्या, त्यांनाही बरं पडतं.

पण एक गोष्ट त्या प्रश्नांमध्ये नीट मावत नाही. ज्या पोराच्या कानाला शाळेपासून वास येत होता त्याला शेजारी कोणी बसू देत नव्हतं, त्याला नाव पडलेलं होतं, आपल्याकडे नाव पाडायला लोक जराही वेळ लावत नाहीत, आणि ते नाव कधी कधी लग्नाच्या मंडपात सुद्धा चालू राहतं. तो मुलगा स्वतःच कोपरा धरायला शिकला, तो कान भिंतीकडे, खिशात रुमाल, बोलताना दोन हात लांब. आता कान कोरडा झाला, वास गेला, पण त्या माणसाला ते कोणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगितलंय का कधी, की आता अजिबात वास येत नाही? सरळ, तोंडावर? नसेल तर आज सांगा. तुम्हाला गंमत वाटेल पण लोक मला विचारतात, ताई खरंच येत नाही ना? बायकोला विचारायची लाज वाटते त्यांना. जन्मभर मंडपाबाहेर बसलेला माणूस ऑपरेशन झालं म्हणून दुसऱ्या दिवशी पंगतीत येऊन बसत नाही, त्याला वेळ द्या, पण सोडून पण देऊ नका.

आणि मंडपात त्यांना ऐकू येत नाही हा नुसता मनाचा खेळ नाही हो. एकाच कानाने ऐकणाऱ्याला दोन गोष्टी जमत नाहीत, एक म्हणजे आवाज कुठून आला ते कळणं, दुसरी म्हणजे गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढणं. मेंदू हे दोन्ही कानांची तुलना करून करतो. शांत घरात समोरासमोर बसलात तर दाजींना सगळं कळत असेल, म्हणून तर घरचे म्हणतात "ह्यांना पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं". हे वाक्य बंद करा, फार लागतं ते. डीजे वाजतोय, वर पत्रा, चारी बाजूंनी पाहुणे बोलतायत, तिथे त्यांना नुसता कल्ला ऐकू येतो, मग चुकीचं उत्तर देतात, चार लोक हसतात, मग ते गाडीवर जाऊन बसतात. मीही बसले असते.

म्हणून सुरुवात लग्नापासून करूच नका. थंडी पडली की मळ्यात भरीत करता ना, ते बघा, उघडी जागा, भिंती नाहीत त्यामुळे आवाज घुमत नाही, पाच-सहा घरचीच माणसं, डीजे नाही, कपाशीच्या काट्यांवर वांगी भाजताना एक वेळी एकच जण बोलतो. एका कानाच्या माणसासाठी ह्याच्यापेक्षा चांगली पार्टी नाही. तिथे त्यांचा उजवा कान सगळ्यांकडे राहील असं बसवा. मग हळूहळू मोठं. कानबाईला पूर्ण वेळ नका ओढू, त्यांना एखादं काम द्या, पाहुण्यांना दारात घेणं, पंगतीचं बघणं, रोटांचं सामान, जिथे हातात काम असतं आणि लोक एकेक करून समोर येऊन बोलतात. रात्री गाणी-जागरणाला थकले तर जाऊ द्या झोपायला, ताणून ताणून ऐकणं फार दमवतं, संध्याकाळची चिडचिड त्याचीच असते बरेचदा.

घरात सगळ्यांनी पाळायचं, पोरांनीसुद्धा: आधी नाव घ्यायचं मग बोलायचं, स्वयंपाकघरातून मिक्सर चालू असताना ओरडायचं नाही, डाव्या बाजूने बोलायचं नाही, कळलं नाही तर तेच वाक्य जोरात म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि "जाऊ दे, काही नाही" हे कधीच म्हणायचं नाही. मोटरसायकलला दोन्ही आरसे पाहिजेतच, हॉर्न कुठून आला ते त्यांना कळणार नाही, रस्ता ओलांडताना तर जास्तच जपायचं. मोबाईल उजव्या कानाला लावून गाडी चालवणं म्हणजे असलेला एक कान पण बंद, हे मला सांगावं लागू नये.

उजव्या कानाचं अजून एक, दाजी जिनिंगमध्ये आहेत. तिथे मशीनजवळ शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरा, आणि तेवढ्या आवाजात रोज आठ तास, वर्षानुवर्षं, म्हणजे कानाची नस हळूहळू मरते, ती परत येत नाही, तिला ऑपरेशन नाही. ज्याचा एकच कान धड आहे त्याने हा जुगार खेळायचा नाही. कानात घालायचे बोळे-प्लग ऑपरेशनच्या कानाला नकोत, वरून बसणारे इअरमफ मिळतात हेडफोनसारखे, ते मालकाकडे मागा, नाही दिले तर स्वतः घ्या, आणि शक्य असेल तर मशीनवरून वजनकाट्यावर किंवा गोडाऊनला बदली मागा. वर्षातून एकदा दोन्ही कानांची तपासणी.

आता ऐकण्याचं काय करायचं. आठ महिने झाले, कानातली जखम भरली असेल, आता ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) काढायची योग्य वेळ आहे. त्यात हवेतून किती ऐकू येतं आणि हाडातून किती हे वेगवेगळं काढतात. हाडातून चांगलं येत असेल तर नस शाबूत आहे, नुसता पूल तुटलाय, आणि अशा माणसाला ऐकायच्या मशीनचा फायदा खूप छान होतो. पण खड्डा असलेल्या कानात घट्ट साचा (मशीनचा कानात बसणारा भाग) बसवला तर आत घाम-ओल धरून परत वाहू शकतो, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच, म्हणून कानामागचं मशीन आणि साच्याला हवेचं भोक ठेवून घ्यायचं, आणि घरी आलं की काढून ठेवायचं. ते जमत नसेल तर हाडातून आवाज देणारं मशीन असतं, पट्ट्यावर कानामागे बसतं, कान उघडाच राहतो. कवटीत स्क्रू बसवून लावायचं पण असतं, ते महाग आहे, पहिल्यांदा पट्ट्यावरचं लावून बघा, फरक पडतो का ते तिथल्या तिथे कळतं. ऑनलाईन किंवा बाजारात हजार-दीड हजाराला "मशीन" मिळतं ते घेऊ नका, ते सगळंच मोठं करतं, कल्लाही.

सर्टिफिकेटचं कोणी एजंट सांगेल, कार्ड काढून देतो, पेन्शन मिळेल. २०१६ च्या कायद्यात बहिरेपण दोन्ही कानांचं धरलंय, दोन्हीकडे ६० डेसिबलच्या वर तोटा असेल तर. दाजींचा उजवा चांगला असेल तर ते त्यात बसणार नाहीत, एजंटला पैसे देऊ नका. मशीनसाठी मात्र जिल्हा रुग्णालयात विचारा, सरकारी योजनेतून काय मिळतं ते तिथेच कळेल.

परत ऑपरेशन करावं का? हाडांचा पूल परत बांधायचं ऑपरेशन असतं, स्वतःच्याच हाडाचा-कूर्चेचा तुकडा किंवा टायटॅनियमचं बारीक हाड बसवतात, पण त्याआधी कान पक्का कोरडा पाहिजे, आजार परत आलेला नाही ह्याची खात्री पाहिजे, आणि नस चांगली पाहिजे. आणि बसवलं तरी दुसऱ्या कानाइतकं ऐकू येईलच असं कोणी लिहून देत नाही, कोणी देत असेल तर तिथून उठा. माझं मत विचाराल तर आधी साफसफाई आणि तपासणी, मग काही महिने मशीन लावून बघणं, आणि मग दाजींना स्वतःला वाटलं तर ऑपरेशन. सासूबाईंना वाटलं म्हणून नाही, तुम्हाला वाटलं म्हणूनही नाही.

तर आता पोराला घेऊन जाणारच आहात तर दाजींची पण त्याच दिवशी चिठ्ठी काढा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या आधीचा ऑडिओग्राम (घरी सापडत नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डला मागा), सीटी स्कॅन काढला असेल तर त्याची फिल्म आणि ते वहीचं पान, एवढं पिशवीत घाला. डॉक्टरला तीन गोष्टी विचारा, आत आजार परत दिसतो का, ही चक्कर नुसती पाण्याची आहे की अजून काही, आणि मशीनसाठी साचा चालेल की हाडाचं लागेल. विचारायचं काम दाजींना करू द्या, तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला बसा.